चुनखडीतला काळा दगड: वाहिलेला लाव्हा की घुसलेला शिलारस?

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागात जिकडे पाहावं तिकडे फिकट करडी चुनखडी आहे, आणि तिच्या थरांमध्ये मध्येच काळपट-हिरवट दगडाचे पट्टे दिसतात. तिथले लोक त्याला टोडस्टोन म्हणतात. प्रश्न विचारणाऱ्यानं तीन पुस्तकं वाचली आहेत. एकात लिहिलंय की हा जमिनीवर आणि उथळ समुद्रात वाहिलेला लाव्हा. दुसऱ्यात, हा नंतर खालून चुनखडीत घुसलेला शिलारस. तिसरं फार जुनं पुस्तक म्हणतं की याचा ज्वालामुखीशी संबंधच नाही, हा पाण्यात साचलेला खडक. यातलं खरं काय, आणि भूशास्त्रज्ञ हे ठरवतात कसं?

तिसरं मत चूक आहे, त्याबद्दल आज शंका उरलेली नाही. पहिली दोन्ही मतं बरोबर आहेत. फक्त ती वेगवेगळ्या थरांबद्दल बरोबर आहेत, आणि कधीकधी एकाच खाणीत दोन हातांच्या अंतरावर दोन्ही खरी ठरतात. शंभरहून जास्त वर्षं माणसं ‘टोडस्टोनचा उगम काय’ असं एकवचनात विचारत राहिली, तिथेच खरा घोळ झाला. माझी हयात बेसॉल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडात, गेली आहे आणि हा वाद मला फार जवळचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी जागा समजून घेऊ. डर्बीशरची ही चुनखडी कार्बॉनिफेरस काळातली, साधारण 33 कोटी वर्षांपूर्वीची. त्या वेळी हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता आणि त्यावर उथळ, कोमट समुद्र होता. प्रवाळ, शिंपल्यांसारखे ब्रॅकिओपॉड आणि देठावर डुलणारे क्रिनॉइड यांच्या कवचांचा चुरा साचत गेला आणि शेकडो मीटर जाडीची चुनखडी झाली. आज मिलर्स डेल, मॅटलॉक, कॅसलटन या गावांभोवती दिसणाऱ्या खोल दऱ्या तिच्यातच कोरल्या गेल्या आहेत. अशा दरीच्या कड्यात मध्येच एक गवताळ, ओलसर पायरी दिसते, कुठे झरा फुटलेला असतो. चुनखडी पाणी पिते, टोडस्टोन पिऊ देत नाही. म्हणून वरून झिरपलेलं पाणी त्याच्या माथ्यावर येऊन बाहेर पडतं. दगड हातात घेण्याआधी लांबूनच त्याची चाहूल लागते ती अशी.

या दगडाची पहिली ओळख पंडितांना नाही, खाणकामगारांना झाली. डर्बीशरमध्ये रोमन काळापासून शिसं काढलं जात होतं. शिशाचं खनिज गॅलेना, चुनखडीतल्या उभ्या भेगांमध्ये भरलेलं. कामगार शिरेच्या मागे मागे खाली उतरत जायचे आणि एका खोलीवर टोडस्टोन लागला की शीर एकदम बारीक व्हायची किंवा नाहीशीच व्हायची. काही ठिकाणी तर दगड इतका सडलेला असायचा की हिरवट चिकणमातीच हाताला लागायची; तिला ते मांजराची घाण म्हणायचे. टोडस्टोन या नावाचे दोन अर्थ सांगतात. एक म्हणजे दगडावर पांढरे ठिपके असतात आणि तो भेकाच्या (इंग्रजीत टोड) पाठीसारखा दिसतो, म्हणून. दुसरा, जर्मन भाषेतल्या ‘मृत दगड’ या शब्दावरून, कारण त्यात खनिज मेलेलं असतं. दुसरी व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली असावी असं मला वाटतं, पण ती टिकून राहिली, यावरून त्या दगडानं किती जणांची निराशा केली असेल ते कळतं.

शीर टोडस्टोनमध्ये तुटते, हे निरीक्षण अगदी पक्कं होतं. त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकला, आणि त्या अर्थाकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता जॉन व्हाइटहर्स्ट. डर्बीमधले घड्याळजी, नाजूक यंत्रं बनवणारे, बर्मिंगहॅमच्या ल्युनर सोसायटी या विज्ञानप्रेमींच्या गटातल्या मंडळींपैकी एक. 1778 साली त्यांनी पृथ्वीच्या मूळ स्थितीविषयी ग्रंथ लिहिला आणि त्याच्या पुरवणीत डर्बीशरच्या थरांची वर्णनं दिली, उभे छेद काढले. त्या छेदांत चुनखडी, टोडस्टोन, चुनखडी, टोडस्टोन अशी उतरंड आहे. त्यांनी स्पष्ट लिहिलं की टोडस्टोन हा खराखुरा लाव्हा आहे. त्यांची कारणं आजही वाचण्यासारखी आहेत. वरखालच्या चुनखडीत समुद्री जीवांचे अवशेष खच्चून भरलेले, टोडस्टोनमध्ये एकही नाही. चुनखडीला थर आहेत, टोडस्टोनला नाहीत. त्याची जाडी एका ठिकाणी भरपूर, दुसऱ्या ठिकाणी नगण्य. पाण्यात शांतपणे साचलेला थर असा वागत नाही. आणि दगडातल्या पोकळ्या आइसलंडच्या लाव्हातल्यासारख्या.

पण व्हाइटहर्स्टना एक अडचण होती. ज्वालामुखी म्हटला की शंकूसारखा डोंगर हवा, मुख हवं. डर्बीशरमध्ये तसं काही उभं नव्हतं. मग त्यांनी असं मांडलं की या ज्वालामुखीची नळी उघड्या हवेपर्यंत पोचलीच नाही. वितळलेला रस थरांच्या मध्ये चारी बाजूंना पसरला. आज आपण ज्याला सिल म्हणतो, म्हणजे थरांना समांतर घुसून थिजलेली शिलारसाची पाटी, तिचं हे बहुधा सगळ्यात जुन्या वर्णनांपैकी एक. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे. भूशास्त्र हा शब्दही नीट रुळला नव्हता, तेव्हा त्यांनी अग्नी ओळखला. चूक एवढीच झाली की त्यांनी सगळ्या टोडस्टोनला एकच नियम लावला.

त्या काळात अग्नी मान्य करणं सोपं नव्हतं. जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात अब्राहम वेर्नर शिकवत होते आणि त्यांचं म्हणणं होतं की बेसॉल्टसकट बहुतेक सगळे खडक आदिसागराच्या पाण्यातून साचले. त्यांना आज सहज हसण्यावारी नेलं जातं, ते मला पटत नाही. वेर्नर सॅक्सनीमधल्या शाइबेनबर्गच्या टेकडीवर गेले होते, तिथे वाळू, तिच्यावर चिकणमाती, तिच्यावर सडका दगड आणि वर बेसॉल्ट असा क्रम त्यांनी नीट पाहिला. एकातून दुसरं हळूहळू होत जातं असं त्यांना दिसलं, म्हणून त्यांनी सगळंच पाण्यातलं ठरवलं. म्हणजे त्यांनी संधी पाहिली होती. दोन खडक जिथे एकमेकांना भिडतात त्या जागेला मी इथे संधी म्हणतो. त्यांनी ती चुकीची वाचली. बेसॉल्टचा खालचा भाग कुजून चिकणमाती झाली की सीमा पुसट होते आणि डोळा फसतो. डर्बीशरमध्ये हे पावलोपावली होतं.

आणखी एक माणूस फसला, त्याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. फ्रान्सचे फोजा द सें-फों हे ज्वालामुखींचे नामांकित अभ्यासक. स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरचे बेसॉल्टचे खांब ज्वालामुखीचेच, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. 1784 च्या त्याच प्रवासात त्यांनी डर्बीशरही पाहिलं आणि टोडस्टोन ज्वालामुखीचा नाही असा निर्वाळा दिला. त्यांनी फ्रान्समधले विझलेले, पण त्या मानानं ताजे ज्वालामुखी पाहिले होते; ताज्या लाव्हाचा कोरा चेहरा त्यांच्या डोळ्यांत बसला होता. 33 कोटी वर्षं पाण्यात मुरलेला, हिरवा पडलेला, बुडबुड्यांच्या जागी पांढरं खनिज भरलेला लाव्हा त्यांना ओळखू आला नाही. नुसत्या रूपावर निर्णय घेतला की अनुभवी माणूसही चुकतो.

ते पांढरं खनिज म्हणजे कॅल्साइट, आणि या वादातली सगळ्यात रंजक गोष्ट याच्याभोवती फिरते. लाव्हा वर येताना त्यातले वायू सुटतात आणि थिजलेल्या दगडात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात. टोडस्टोनमध्ये त्या बहुतेक कॅल्साइटनं भरलेल्या आहेत. कॅल्साइट म्हणजे चुनखडीचंच खनिज. पाणीवादी म्हणाले, बघा, आगीत चुनखडी टिकेल का? भट्टीत घातली तर तिचा चुना होतो, वायू उडून जातो. मग हा दगड आगीतला कसा? एडिंबराचे जेम्स हटन, ज्यांचा सिद्धांत 1785 मध्ये वाचला गेला आणि 1788 मध्ये छापून आला, त्यांनी त्याच कॅल्साइटवरून नेमका उलटा निष्कर्ष काढला. ते म्हणाले, जमिनीखाली प्रचंड दाब असतो. त्या दाबाखाली चुनखडीतला वायू बाहेर पडू शकत नाही, ती वितळू शकते. म्हणून कॅल्साइटच्या गोट्या असलेला दगड म्हणजे कधीच बाहेर न आलेला, खोलवर थिजलेला लाव्हा. डर्बीशरचा टोडस्टोन त्यांनी याच गटात टाकला.

युक्तिवाद देखणा होता. हटनचे मित्र सर जेम्स हॉल यांनी तो प्रयोगानं तपासला: बंदुकीच्या नळ्यांत चुनखडीची पूड घालून, तोंडं घट्ट बंद करून ती तापवली, आणि 1805 मध्ये सांगितलं की दाबाखाली चुना होत नाही, संगमरवरासारखा घट्ट दगड मिळतो. त्याआधी 1798 मध्ये त्यांनी बेसॉल्टसारखे दगड भट्टीत वितळवून दाखवले होते. झटकन थंड केलं तर काच, सावकाश थंड केलं तर पुन्हा दगडासारखा स्फटिकी पदार्थ. वितळलेल्या रसापासून फक्त काच होते, दगड होत नाही, हा पाणीवाद्यांचा मोठा आक्षेप या एका प्रयोगानं निकालात निघाला. भूशास्त्रात प्रयोगशाळेचा पाया इथे पडला असं मी मानतो.

आणि तरीही कॅल्साइटच्या बाबतीत दोन्ही पक्ष चुकले होते! बुडबुडे आधी झाले, रिकामे राहिले. लाव्हा थंड झाल्यावर कित्येक काळानं, वरखालच्या चुनखडीतून चुना विरघळवून आणणारं पाणी त्यांत झिरपलं आणि तिथे कॅल्साइट बसलं. दगड आगीतला, भरण पाण्यातलं. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधली झिओलाइटची आणि कॅल्साइटची सुंदर स्फटिकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच पटेल. तिथेही पोकळी आधीची आणि स्फटिक नंतरचे. एका दगडात दोन काळ असतात, ही गोष्ट त्या पिढीला सुचायला वेळ लागला. दगड झाला तेव्हाच त्याच्यातलं सगळं झालं, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन फॅरी यांनी डर्बीशरची शेती आणि खनिजं यांवर मोठा अहवाल लिहिला, 1811 मध्ये. ते इंग्लंडच्या थरांचा नकाशा काढणाऱ्या विल्यम स्मिथ यांच्या हाताखाली तयार झालेले, म्हणून थरांचा क्रम लावण्यात वाकबगार. त्यांनी चार चुनखड्या आणि त्यांच्यामध्ये तीन टोडस्टोन अशी मांडणी दिली. त्याच वर्षी बेकवेलच्या व्हाइट वॉटसन यांचंही डर्बीशरच्या थरांवरचं पुस्तक आलं. हे गृहस्थ खऱ्याखुऱ्या दगडांचे तुकडे जडवून थरांचे छेद तयार करायचे, ते पाहिले की हात जोडावेसे वाटतात. ही मांडणी नीटनेटकी होती, आणि ती नीटनेटकी असल्यामुळेच गोंधळ वाढला. पहिला टोडस्टोन, दुसरा, तिसरा असे आकडे पडले की वाटतं हे थर सगळीकडे सलग पसरले असतील. लाव्हा तसा पसरत नाही. एका दरीत तीसेक मीटर जाडीचा प्रवाह थोड्या अंतरावर शून्यावर येतो. सिल तर वाटेत एक थर सोडून दुसऱ्या थरात उडी मारते. मॅटलॉकचा ‘दुसरा’ आणि मिलर्स डेलचा ‘दुसरा’ हे एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

पुढचं काम सूक्ष्मदर्शकानं केलं. शेफील्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी दगड घासून कागदाहून पातळ काप करून त्यातून प्रकाश पाठवायची रीत 1850 च्या दशकात रूढ केली. टोडस्टोनचा असा काप पाहिला की वाद उरत नाही. फेल्डस्पारच्या लांबट पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या, मध्ये पायरॉक्सिन, आणि ऑलिव्हिनचे स्फटिक, बहुतेक वेळा कुजून हिरव्या खनिजांत बदललेले, पण बाह्याकृती जशीच्या तशी. अशी वीण फक्त वितळलेल्या रसातून होते. डर्बीतल्याच छपाई व्यवसायातल्या घराण्यातले हेन्री आर्नोल्ड-बेमरोझ यांनी 1894 मध्ये या दगडांचा सूक्ष्मदर्शी अभ्यास छापला आणि 1907 मध्ये टोडस्टोनच्या क्षेत्रनिरीक्षणांचा मोठा लेख. लाव्हा, सिल, राखेचा खडक आणि ज्वालामुखीच्या नळ्या वेगवेगळ्या करून नकाशावर मांडण्याचं श्रेय मी सगळ्यात जास्त त्यांना देतो. घड्याळजीनं सुरू केलेलं काम छापखानेवाल्यानं मार्गी लावलं.

आता ‘ठरवतात कसं’ याकडे येतो, कारण प्रश्नाचा गाभा तोच आहे. अग्निजन्य हे सूक्ष्मदर्शकानं कळतं. पण वाहिलेला की घुसलेला, हे फक्त दगडाच्या तुकड्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. ते संधीवर कळतं, आणि त्यातही वरच्या संधीवर.

खालची संधी दोघांचीही भाजलेलीच असते. तापलेला लाव्हा जमिनीवरून वाहिला तरी खालची माती भाजणार, सिल घुसली तरी भाजणार. वर मात्र फरक पडतो. लाव्हा वाहिला तेव्हा त्याच्यावर हवा किंवा पाणी होतं. चुनखडी नंतर येऊन साचली. त्यामुळे लाव्हाचा माथा बुडबुड्यांनी भरलेला, खडबडीत, पुष्कळदा ऊन-पावसानं झिजून मातकट झालेला असतो, आणि त्यावरची चुनखडी अजिबात भाजलेली नसते. ती माथ्यावरच्या खाचाखळग्यांत नीट भरून बसते. कधी तिच्या तळाशी लाव्हाचेच झिजलेले गोटे मिळतात. गोटे मिळाले तर निकाल लागला, कारण जो दगड अजून घुसायचाच आहे त्याचे गोटे आधीच कुठून येतील? सिलचं उलट. तिच्यावरची चुनखडी आधीपासून तिथे होती, म्हणून ती वरूनही भाजते, साखरेसारख्या दाण्यांची, संगमरवरी होते. सिलच्या दोन्ही कडा बारीक दाण्याच्या, कारण थंड भिंतीला टेकून रस झटकन थिजला, आणि मधला भाग जाड दाण्याचा, तो डोलेराइट. शिवाय सिल कुठेतरी शहाण्यासारखी थराला समांतर जाता जाता एकदम तिरकी होऊन थर कापते. लाव्हाला ते जमत नाही.

या सगळ्याचा उत्तम धडा टाइड्सवेल डेलमध्ये आहे. तिथे रस्त्याच्या खडीसाठी जुनी खाण होती. तिथला खडक एकच वाटतो, पण आर्नोल्ड-बेमरोझ यांनी 1899 मध्ये दाखवलं की त्यात सिल आहे. आज आपल्याला माहीत आहे की मिलर्स डेलचा खालचा लाव्हा आधी वाहिला होता आणि नंतर डोलेराइटची सिल त्याच लाव्हाच्या तळाच्या आसपास घुसली. म्हणजे ‘लाव्हा’ म्हणणारा आणि ‘सिल’ म्हणणारा, दोघंही त्याच कड्याकडे बोट दाखवत होते आणि दोघंही खरं बोलत होते. सिलच्या खाली चिकणमातीचा थर आहे, तो विटेसारखा तांबडा भाजला आहे आणि भाजताना आकसून त्याचे छोटे छोटे खांब पडले आहेत. बेसॉल्टचे खांब सगळ्यांनी पाहिलेले असतात, मातीचे खांब फार थोड्या ठिकाणी दिसतात. मिलर्स डेलच्या परिसरात फिरायला गेलात तर वाट वाकडी करून ही जागा पाहाच.

इथे एक सावधगिरी. थर तांबडा आहे म्हणजे तो भाजलाच, असं नाही. दख्खनच्या दोन लाव्हा प्रवाहांमधले तांबडे पट्टे पूर्वी सर्रास भाजलेली माती समजले जात. त्यांतले बरेचसे प्रत्यक्षात दोन उद्रेकांच्या मधल्या काळात कुजून, गंजून तांबडे झालेले आहेत. लोखंड गंजलं तरी तांबडं, भाजलं तरी तांबडं. टाइड्सवेलचा थर भाजलेला म्हणायचा तो रंगावरून नव्हे, त्यात पडलेल्या खांबांवरून आणि त्याच्या घट्टपणावरून.

आणखी एक चूक माझी स्वतःची आहे, ती सांगायलाच हवी, कारण ती पुष्कळांची होते. शिकत असताना माझी ठाम समजूत होती की बुडबुडे दिसले की लाव्हा. एका खडकाला मी तेवढ्यावर लाव्हा ठरवून नकाशात रंग भरला. शिक्षकांनी मला दुसऱ्या दिवशी त्याच खडकाच्या वरच्या कडेला नेऊन उभं केलं, वरची चुनखडी फोडायला सांगितली. ती संगमरवरी होती. उथळ खोलीवर घुसलेल्या सिलमध्ये वायू सुटतात, त्यामुळे तिच्या कडेलाही बुडबुडे असू शकतात. तेव्हापासून मी बुडबुड्यांना पुरावा म्हणून कमी आणि खुणेची बोटं म्हणून जास्त वापरतो. ते सांगतात की इथे थांब आणि वरची कड शोध.

व्हाइटहर्स्टना ज्वालामुखीचं मुख सापडलं नव्हतं. ते तिथे होतं, फक्त झिजून जमिनीच्या पातळीला आलं होतं. ग्रेंजमिल गावाशेजारी दोन गोलसर टेकड्या आहेत. चुनखडीच्या कातळांच्या शेजारी त्यांचे गवताळ, मऊ उतार वेगळे उठून दिसतात. आत भरलेत ज्वालामुखीच्या नळीतले तुकडे: राख, लाव्हाचे खडे, आणि त्यांच्यात उद्रेकानं उडवलेले चुनखडीचे तुकडे. आर्चिबाल्ड गेकी यांनी 1897 मधल्या ब्रिटनच्या प्राचीन ज्वालामुखींवरच्या ग्रंथात या नळ्यांची दखल घेतली. नळी उघड्या हवेपर्यंत पोचली होती, हे इथे सिद्ध होतं. शंकू झिजले, वर चुनखडी साचली, ती पुन्हा झिजली, आणि नळीचा बुडखा उघडा पडला.

वाहून थांबलेल्या लाव्हाचं टोकही पाहायला मिळतं. लिटन मिलजवळ जुन्या रेल्वेसाठी डोंगर कापला, तिथे मिलर्स डेलचा वरचा लाव्हा जाता जाता एकाएकी संपतो आणि चुनखडीचे थर त्याच्या टोकाला येऊन टेकतात, त्याला झाकून पुढे जातात. 1968 मध्ये रेल्वे बंद झाली, आता त्या मार्गावरून लोक पायी आणि सायकलवर जातात. सिल चुनखडीत अशी संपली असती तर भोवतालची चुनखडी तिच्या आधीची असती आणि भाजलेली असती. इथे चुनखडी नंतर आली आहे.

आणि राख. चुनखडीच्या थरांमध्ये बोटभर ते हातभर जाडीच्या चिकणमातीच्या पट्ट्या आहेत, कामगार त्यांना वेबोर्ड म्हणत. त्यांना बराच काळ साधी माती समजलं गेलं. विसाव्या शतकात त्यांतल्या खनिजांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की बहुतेक पट्ट्या म्हणजे कुजलेली ज्वालामुखीची राख. कित्येक पट्ट्यांखाली चुनखडीचा माथा खळग्यांनी भरलेला, पावसाच्या पाण्यानं खाल्लेला आहे. म्हणजे समुद्र अधूनमधून मागे हटत होता, तळ उघडा पडत होता, त्यावर पाऊस पडत होता, झाडंझुडपं उगवत होती आणि राख पडत होती. मग समुद्र परत यायचा. मला या वेबोर्ड लाव्हापेक्षाही प्रिय आहेत. लाव्हा एका दरीची गोष्ट सांगतो. राख वाऱ्याबरोबर सगळ्या प्रदेशावर पडते, म्हणून दूरदूरच्या कड्यांमध्ये एकच क्षण ओळखायला ती उपयोगी येते. फॅरींच्या आकड्यांना जे जमलं नाही ते या बोटभर मातीला जमतं.

आता खाणकामगारांकडे परत येतो. टोडस्टोन शीर तोडतो, यावरून काहींनी असा अर्थ लावला की शीर आधीची आणि टोडस्टोन नंतर घुसून तिला कापून गेला. घुसलेल्या रसाच्या मताला हा भक्कम पुरावा वाटला. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. लाव्हा आणि सिल चुनखडीच्या काळातल्या किंवा त्यानंतर लगेचच्या. शिशाच्या शिरा त्यानंतर पुष्कळ उशिरा, कार्बॉनिफेरसच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या पर्मियन काळात, गरम खारट पाण्यानं आणल्या. भूकवचाच्या हालचालींनी चुनखडीला भेगा पडल्या, त्या उघड्या राहिल्या आणि खनिजानं भरल्या. कुजलेल्या टोडस्टोनमध्ये भेग पडली तरी चिकणमातीमुळे ती मिटून जाते. शिवाय चुनखडीसारखा तो पाण्यात विरघळून जागा करून देत नाही. म्हणून शीर तिथे बारीक होते. कापली जात नाही, गुदमरते.

याचा पुढचा निष्कर्ष असा की टोडस्टोनच्या खाली चुनखडी आहे तर शीरही असू शकते, आणि वर जाणारं पाणी त्या अभेद्य छपराखाली अडून साचलं असेल तर कदाचित जास्त श्रीमंत असेल. डार्ली डेलजवळच्या मिल क्लोज खाणीत हेच निघालं. टोडस्टोनच्या थरांमधून खाली उतरत उतरत कामगारांनी त्यांच्याखाली उत्तम खनिज काढलं, आणि ती खाण ब्रिटनमधली सगळ्यात मोठी शिशाची खाण ठरली. 1940 च्या सुमारास ती बंद झाली. ज्या दगडाला पिढ्यान्पिढ्या ‘खाली काही नाही’ म्हणून टाळलं, तोच खालच्या खनिजाचं झाकण होता. दगडाचा उगम कुठला हा वाद पंडितांचा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर शाफ्ट आणखी खोदायचा की बंद करायचा हे अवलंबून होतं.

वयाबद्दल एक शब्द, कारण हल्ली लोक विचारतात की सरळ किरणोत्सर्गी मापन करून टाका ना. केलं गेलं आहे. पण पोटॅशियम-अरगॉनसारख्या पद्धतीला ताजा दगड लागतो. कुजलेल्या दगडातून अरगॉन निसटतो आणि वय खऱ्यापेक्षा कमी येतं. टोडस्टोन बहुतेक ठिकाणी कुजलेला, म्हणून सिलचं मोजलेलं वय लाव्हापेक्षा थोडं कमी आलं तर ती सिल खरोखर तितकी नंतरची की नुसती जास्त कुजलेली, हे पाहावं लागतं. लाव्हाच्या बाबतीत वरखालच्या चुनखडीतले जीवाश्म वय जास्त भरवशानं सांगतात. सिलच्या बाबतीत ती सोय नाही. लाव्हा आणि सिल एकाच शिलारसाच्या साठ्यातून आल्या की वेगवेगळ्या, हा वाद प्रत्येक सिलसाठी स्वतंत्रपणे सोडवावा लागतो.

मुळात इथे ज्वालामुखी का, तर त्या काळात ब्रिटनचं भूकवच ताणलं जात होतं, खाली खचलेल्या खोऱ्या तयार होत होत्या. कवच पातळ झालं की त्याच्या खालच्या प्रावरणावरचा (इंग्रजीत मँटल) दाब उतरतो आणि तिथला खडक थोडासा वितळतो. टॅडिंग्टनजवळच्या कॅल्टन हिलच्या बेसॉल्टमध्ये प्रावरणातल्या खडकाचे हिरवे, ऑलिव्हिननं भरलेले तुकडे मिळाले आहेत. शिलारस इतक्या वेगानं वर आला की ते वाटेत विरघळायलाही वेळ मिळाला नाही.

तुम्ही पाहिलेला दगड कोणता, हे आता तुम्हालाच ठरवता येईल. पट्ट्याच्या मधोमध उभं राहून दगड न्याहाळण्यात वेळ घालवू नका. वरच्या कडेला चढा, जिथून वरची चुनखडी सुरू होते ती ओळ शोधा. ती मळली असेल, गवतानं झाकली असेल, तर झऱ्याच्या रेषेवरून सापडेल. तिथल्या चुनखडीचा ताजा फुटलेला तुकडा भिंगातून पाहा. त्यात क्रिनॉइडचे गोल तुकडे, शिंपल्यांच्या कडा स्वच्छ दिसल्या आणि तळाशी काळे खडे अडकलेले असले तर खाली लाव्हा आहे. जीवाश्म पुसट होऊन साखरेसारखे दाणे चमकले तर सिल. आणि ती जागा टाइड्सवेल डेल असेल तर एकाच तुकड्यावर थांबू नका, कड्याच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळा छेद वहीत काढा, तरच लाव्हा कुठे संपला आणि सिल कुठे सुरू झाली ते हाती लागेल.